सांगितलं नाही म्हणजे सापडलं नाही

वैजू,

काल रुबीना येऊन गेली. तुझ्यासोबत संशोधनाला होती, ती नांदेडची रुबीना. अर्धापूरच्या केळीचा हा एवढा फणा लातूरपर्यंत यष्टीत मांडीवर धरून आणलेला. मी म्हणलं, अगं, एवढी केळी खाणारं घरात आता कोण हाय. म्हणलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. मग आम्ही दोघींनी उभ्याउभ्याच एकेक केळ खाल्लं, कारण दुसरं काय करावं ते दोघींनाही सुचेना.

तू जाऊन महिना व्हायचाय अजून. तुझ्याशी बोलायची सवय काही जाईना. भाजी निवडताना, देवापुढं दिवा लावताना मी आपली बोलूनच राहिलेय. शेजारची कमळबाई परवा म्हणली, "नंदाबाई, एकट्याच बोलताव, लोकं काय म्हणतील? त्यापरीस लिहून काढा." म्हणून बसले. माझं लिहिणं कसं असतं ते तुला ठाऊक आहे. चौथीपर्यंत शाळा, आणि पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचलेलं. तू आठवीला निलंग्याहून माझ्याकडं शिकायला आलीस, तेव्हा तुझ्या पुस्तकातलं पण मी वाचायची, तू झोपल्यावर. हे तुला ठाऊक होतं का, ते मात्र मला ठाऊक नाही.

खरं सांगू का, तू काय काम करायचीस हे मला कधी पुरतं कळलं नाही. पुण्याला नोकरीला होतीस तेव्हा सोपं होतं. लोकांनी विचारलं की सांगायची, आमची वैजू कम्प्युटरच्या प्रोग्राममधल्या चुका शोधती. लोक म्हणायचे, मग चुका करतंय कोण? मी म्हणायची, ती माणसं वेगळी असतात. भागून जायचं. मग तू ती चांगली नोकरी सोडून नांदेडला संशोधनाला लागलीस, आणि म्हणलीस, "मावशे, आता मी चुका शोधत न्हाई. चुका शोधायच्या ज्या पद्धती हायत, त्या तपासते. कुठल्या पद्धतीनं किती सापडतात ते बघते."

मी विचारलं, सापडल्या त्या दिसतील गं, पण राहिल्या किती ते कुणाला कळणार?

तू एवढी खूश झालीस त्या सवालावर. म्हणलीस, म्हणून तर मी आधी माझ्या हातानं चुका पेरते. चांगल्या चालत्या प्रोग्राममधे मुद्दाम घालते. मग एकेकाला बसवते आणि म्हणते, शोध. किती पेरल्या ते मला माहीत, म्हणून किती राहिल्या तेबी माहीत.

तुझा बाप तेव्हा इथंच चहा पीत बसलेला. तो म्हणला, "मी रानात सोयाबीन पेरून राहिलो, लेक चुका पेरून राहिली. बघू कुणाचं उगवतंय." तू त्याला उशी फेकून मारलीस.

मी मात्र त्यावर विचार करत बसले. माझ्या डोक्यात डाळ आली. म्हणलं, म्हणजे डाळीत आपणच मोजून खडे टाकायचे आणि निवडणारीला म्हणायचं, निवड. "जवळजवळ तसंच," तू म्हणलीस. मग मी म्हणलं, तिनं तुझे सगळे खडे काढले, म्हणून डाळीतले मूळचे खडेबी निघाले असं म्हणायचं का? तू पेला हातातच धरून बसलीस. पेल्यातला चहा निवून गेला. मग म्हणलीस, "इथंच तर घोडं पेंड खातंय, मावशे. मी टाकलेले खडे माझ्या डोक्यातून आलेले असतात. मूळचे कुणाच्याच डोक्यातून आलेले नसतात. ते एकमेकांसारखे असतात का, हेच कुणाला नीट सांगता येईना."

तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुलाबी कळत नाही असं काहीतरी आहे, आणि ते मला कळत नाही त्याच्याच शेजारी बसलंय, म्हणून.

मग तू त्या कामासाठी आपल्या गल्लीच्या पाण्याचा प्रोग्राम केलास. लातुरात पाणी रोज येत नाही, हे तुला वेगळं काय सांगू. कुठल्या गल्लीला कुठल्या दिवशी सुटणार ह्याच्यावर आमचं धुणं, पाहुणे, पूजा सगळं अवलंबून. तर फोनमधे घराचा नंबर टाकायचा आणि त्यानं पाण्याची पुढची पाळी सांगायची. पाणी सुटलं की 'आलं' दाबायचं, नाही सुटलं की 'आलं नाही'. 'आलं नाही' दाबलं की पाळी एक दिवस पुढं जाणार. एवढंच. त्यात तू चुका पेरल्यास आणि नांदेडच्या पोरापोरींना वाटून दिलास.

एका गटाला तू प्रोग्राम चालवूच दिला नाहीस. कागदावर छापून दिलास आणि म्हणलीस, ओळ न् ओळ वाचा. दुसऱ्या गटाला आतलं काही दाखवलं नाहीस. बाहेरूनच दाबून बघा म्हणलीस, पण कडेकडेचं बघा, पहिलं घर, शेवटचं घर, महिन्याचा शेवटचा दिवस. तिसऱ्या गटाला म्हणलीस, आत बघा आणि अशा रीतीनं चालवा की एकबी ओळ न चालता राहायला नको. आणि मग एका रविवारी फोन करून मला सांगत बसलीस, की वाचणाऱ्यांना ज्या सापडल्या त्या चालवणाऱ्यांना सापडल्या नाहीत, आणि चालवणाऱ्यांना सापडल्या त्या वाचणाऱ्यांच्या डोळ्यासमोरून निघून गेल्या. मी म्हणलं, मग चांगली पद्धत कुठली? तू म्हणलीस, कुठल्या चुकीसाठी, ते आधी सांग. तुझं असंच असायचं. सवाल विचारावा तर सवालच हातात यायचा.

पुढचं मात्र तुझ्या डोक्यातून निघालं आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणलीस, एक चौथा गट करते. ज्यांना कसलीच पद्धत ठाऊक नाही, नुसतं वापरणार, असा. आणि तो गट म्हणजे आम्ही, गल्लीतल्या बाया.

ती दुपार मला चांगली आठवती. निदान आठवती असं वाटतं. पुढच्या खोलीत सतरंजी टाकलेली. कमळबाई आली ती चष्मा घरी विसरून, मग माझाच चष्मा आम्ही दोघींनी आलटून पालटून लावला. तू हातात कागद घेऊन दाराशी उभी, जे जे चुकीचं दिसंल ते बोला म्हणलीस. आम्ही घराचे नंबर टाकले, दाबलं, परत दाबलं. कुणी म्हणलं, लई छान झालंय. कुणी म्हणलं, अक्षरं कशी ठळक हायत. कमळबाई म्हणली, "आता ह्या पोरीला नवरा बी फोनमधूनच काढून घ्यायला सांगा." हसलो, चहा झाला. तुझा कागद कोराच राहिला.

मग तू पेरलेल्या चुका एकेक करून सांगायला लागलीस. कमळबाईचं घर गल्लीतलं शेवटचं, तर प्रोग्राम म्हणत होता असं घरच नाही. आणि काय आश्चर्य, तू एक सांगितलीस की एकीची मान हालायची. हाव, ते तर दिसलंच होतं. हाव, मलाबी. तू बघतच राहिलीस. म्हणलीस, दिसलं होतं तर सांगितलं का नाही?

कमळबाई म्हणली, "लेकराच्या पहिल्या भाकरीला कुणी नावं ठेवतं का गं? करपली तरी चांगलीच म्हणायची असती."

सगळ्यांनी माना हालवल्या. आपल्यात तशीच रीत आहे, तिनं काही खोटं सांगितलं नव्हतं. पोरीनं पहिल्यांदा थापलेली भाकरी कशीबी असो, खायची आणि आणखी एक वाढ म्हणायचं. तू माझ्याकडं वळून हळूच विचारलंस, "मावशे, मग माझी पहिली भाकरी?" आणि मी चहाची भांडी उचलून आत गेले.

त्या संध्याकाळी तू म्हणलीस, निकालाच्या तक्त्यात तुमच्या गटाच्या ओळीत मी 'सापडल्या नाहीत' असंच लिहिणार. मी म्हणलं, अगं पण आम्हाला दिसल्या होत्या. तू म्हणलीस, "सांगितलं न्हाई म्हणजे सापडलं न्हाई. दिसणं माझ्या तक्त्यात मावत न्हाई, मावशे. आणि मी सांगितल्यावर दिसलेलं तर मुळीच न्हाई." हे शेवटचं मला लागलं. म्हणजे आम्ही खोटं बोलतो का? तू म्हणलीस, खोटं न्हाई. खोटं वेगळं. एकदा चूक कळली की माणसाला मागचं सगळं तसंच दिसायला लागतं, त्यात त्याचा दोष नसतो.

मला ते पटलं नाही. नंतर कितीदा तरी भांडलो आपण ह्याच्यावर, फोनवर, जेवताना, बसस्टँडवर तुझी नांदेडची गाडी लागेपर्यंत. तुझे सर म्हणत होते, हा बायकांचा गट काढूनच टाक, बिघडलेला आहे. ते तू ऐकलं नाहीस. आमची ओळ ठेवलीस, पण भरलीबी नाहीस. त्या शेवटच्या रविवारी फोनवर मी म्हणलं, बाई, निदान अर्धं अर्धं लिही. तू हसलीस. म्हणलीस, येते तिकडं, आल्यावर भांडू.

तू आलीच नाहीस. डॉक्टर म्हणले, डोक्यातली नस फुटली. आधी कळायला काही मार्ग नव्हता म्हणले. एका वाक्यात संपवलं त्यांनी. मी तेच वाक्य घेऊन फिरतेय, कुठं ठेवावं ते कळंना.

तुझ्या मातीला निलंग्याला अख्खी गल्ली आली होती, दोन जीपा करून. तुझी आई भिंतीला टेकून बसलेली, डोळ्यात टिपूस नाही. आणि तिच्यासमोर एकेकजण येऊन बसायला लागलं. कुणी म्हणलं, मला गेल्या बारीलाच दिसलं होतं, पोरीचे डोळे ओढलेले. कुणी म्हणलं, हसायची पण मन लागत नव्हतं. कमळबाई म्हणली, "मी तर म्हणणारच होते की दवाखान्यात दाखवा म्हणून."

तुझ्या आईनं मान वर केली. अगदी शांत आवाजात म्हणली, "मग सांगितलं का न्हाई?"

वैजू, तुझेच शब्द. तुझ्या आईला तुझ्या तक्त्याचं काही ठाऊक नाही, तरीबी तेच शब्द. मला वाटलं, उठावं आणि ताईला सांगावं, की ह्यांना काही दिसलं नव्हतं गं. हे आता बघून राहिलेत. डॉक्टरनं सांगितल्यावर. ह्यांच्यावर चिडू नको, ह्यांचा दोष नाही, माणसाचं असंच असतं, तुझ्या लेकीनंच सांगितलंय मला. पण मी उठले नाही. का, ते सांगते.

कारण मलाबी दिसायला लागलंय. तू गेल्यापासून रोज एक नवीन सापडतं. मागच्या खेपेला बसस्टँडवर तू बॅग खाली ठेवलीस आणि दोन बोटांनी कपाळ दाबलंस. दाबलंस का? मी डोळे मिटले की अगदी स्वच्छ दिसतं, बोटातली अंगठी पण दिसते. मग आठवतं, ती अंगठी तर तू तेव्हा घालत नव्हतीस, सैल होती म्हणून माझ्याच कपाटात होती. मग बोटं तरी खरी का? मला दिसलं होतं आणि मी गप बसले, असं असेल तर मी काय करू? आणि दिसलंच नव्हतं, असं असेल तर एवढी वर्षं तुझ्या तोंडाकडं बघून मी बघत काय होते? दोन्हीतलं कुठलं खरं निघावं म्हणून देवाला म्हणू, हेसुद्धा मला ठरवता येईना. तुला विचारलं असतं. तूच ह्यातली जाणती.

तर, रुबीना. केळ खाऊन झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. म्हणली, "मावशी, सर म्हणून राहिले की वैजूचं काम तिच्याच नावानं छापायचं. सगळं झालंय. एक ओळ राहिली." मला न सांगता कळलं कुठली ते. तिनं तो तक्ता दाखवला. वरती ते तीन गट, भरलेले. खाली आमची ओळ, रिकामी. म्हणली, "वैजूचं आणि तुमचं ह्याच्यावर काय चाललं होतं, मला माहीत हाय. ती रोज सांगायची. आता तुम्ही म्हणाल तसं लिहिते."

बघ ना, किती सोपं होतं. 'सापडल्या' म्हणलं असतं तर मी भांडण जिंकले असते. तुझ्या नावाच्या कागदावर तुझ्या मावशीची ओळ भरलेली दिसली असती. कोण विचारणार होतं? माझ्या तोंडात ते आलंबी होतं. पण डोळ्यासमोर तुझी आई आली, भिंतीला टेकलेली. मी रुबीनाला म्हणलं, थांब जरा, मला काही सुचंना झालंय. तो पाण्याचा प्रोग्राम फोनमधे उघडून दे.

तो प्रोग्राम तू पेरलेल्या चुका काढून आम्हाला देऊन गेली होतीस. सगळी गल्ली वापरते. मी तो हातात घेतला, नुसतं तू केलेलं काहीतरी हातात असावं म्हणून. आणि बोट 'आलं नाही'वर गेलं तसं एकदम आठवलं. त्या दुपारी चष्मा कमळबाईकडं होता, तेव्हा मी चुकून 'आलं नाही' दाबलं होतं. चष्मा परत मिळाल्यावर दुरुस्त करून 'आलं' दाबलं. तरी पुढची पाळी एक दिवस पुढंच गेलेली दिसली. मला वाटलं, माझंच बोट चुकलं, मशीन कशाला चुकंल. गप बसले. तू नंतर चुका सांगत गेलीस, त्यात ही आली नाही. तेव्हा पक्कं वाटलं की माझंच काहीतरी, आणि विसरून गेले.

हे मी रुबीनाला असंच्या असं सांगितलं. तिनं दाबलं. दुरुस्त केलं. बघितलं. परत दाबलं. मग लॅपटॉपमधे आत कुठंतरी बघत बसली, ओठ हालत होते तिचे. म्हणली, "मावशी, ही पेरलेल्यात न्हाई."

मग?

"मग ही खरीच हाय. तिच्याकडूनच राहून गेलेली. तिन्ही गटातल्या कुणालाच न्हाई सापडली, कारण दाबून परत फिरवायचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई."

कमळबाई दर दोन पाळ्यांमागं पाणी सोडणाऱ्याशी का भांडायची, ते मला तिथं कळलं. बाई चष्मा विसरते, चुकीचं दाबते, दुरुस्त करते, आणि पाणी येऊन जातं. त्या बिचाऱ्यानं ऐकून घेतलेलं सगळं नाहक.

पण वैजू, तुला कळतंय का मला काय म्हणायचंय? ही तर मला कुणी सांगितली नव्हती. तूबी नाही. म्हणजे ही मागाहून दिसलेली नाही. ही मला तेव्हाच दिसली होती, खरोखर. एवढी एक. बाकीच्या पेरलेल्या मला दिसल्या होत्या का, ते आता मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मान मी हालवली होती, सगळ्यांसोबत. बस.

मी रुबीनाला म्हणलं, आमच्या ओळीत 'सापडल्या नाहीत' लिही. तिनं विचारलं, नक्की? मी म्हणलं, तिनं जे म्हणलं तेच. सांगितलं नाही म्हणजे सापडलं नाही. तिनं लिहिलं. मग म्हणली, आणि ही नवीन? मी म्हणलं, ही तर आता सांगितली ना. ती तक्त्याकडं बघत म्हणली, "पण मावशी, रकाने सगळे पेरलेल्यांचेच हायत. हिला जागाच न्हाई." बराच वेळ दोघी बघत राहिलो, कुठं बसवता येईल का म्हणून. शेवटी तिनं तळाला बारीक अक्षरात एक टीप लिहिली. फोनमधली चूक तिथंच बसून दुरुस्त केली. संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला गेली. उरलेली केळी मी कमळबाईकडं दिली.

तू असतीस तर ह्या एका खड्यावर रात्रभर बोलली असतीस. बघ, मावशे, मी टाकलेला नव्हता, मूळचाच होता, म्हणली असतीस. मी म्हणले असते, मग मी जिंकले. तू म्हणली असतीस, छे, एवढे दिवस गप बसलीस. आणि मला अजूनबी कळलं नसतं की जिंकलं कोण.

रुबीना गेल्यावर भाकरी टाकायला बसले. पीठ मळता मळता तुझं ते बोलणं ध्यानात आलं, दाराशी हळूच विचारलेलं. तू आठवीत होतीस. मी तापानं पडले होते. तू ओट्यापाशी उभी राहिलीस आणि थापलीस. कडेनं करपली होती, वैजू, आणि मधे कच्ची होती. पीठ दाताला चिकटत होतं. मी सगळी खाल्ली आणि आणखी एक वाढ म्हणलं.

झालं. सांगितलं. पण ऐकणारीच नसताना सांगितलेलं कुठल्या रकान्यात घालायचं, ते तू मला सांगून गेली नाहीस.